वैशाखातली रत्नागिरी

मे महिन्यात रत्नागिरीला निघाले आहे असं सांगितलं, तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, घामाने चिंब व्हाल! दिवाळीत जा, थंडीत जा!" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा, मुलांची सुट्टी, माझी अर्ध्या वेळेची शाळा, ह्यांची रजा आणि सासूबाईंची तब्येत या चार गोष्टींचा मेळ मे महिन्याशिवाय कधी बसतो का? त्यातून या खेपेचं कारण निराळंच होतं. सासूबाईंनी यंदा अठ्ठ्याहत्तरी गाठली. रत्नागिरी हे त्यांचं माहेर. नऊ वर्षांपूर्वी भाऊ गेले तेव्हा त्या जाऊन आल्या, त्यानंतर नाहीच. संक्रांतीच्या सुमाराला एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकदा आगरात पडलेला आंबा उचलून खायचाय. विकतचा नको." पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, पण मी काय समजायचं ते समजले.

आम्ही रावेतला राहतो. पवना नदी घरापासून हाकेच्या अंतरावर. पिंपरी-चिंचवडला जे पाणी उपसून पुरवतात त्यातलं बरंचसं आमच्या रावेतच्याच बंधाऱ्यावरून. तरी २०१९च्या नोव्हेंबरात आमच्याकडे दिवसाआड पाणी सुरू झालं आणि तेव्हापासून बादल्या, पिंपं, टाक्या यांचा हिशेब डोक्यात घेऊनच मी झोपते नि उठते. तेव्हा पाण्याची किंमत मला कोणी शिकवायला नको, अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत बरोबर घेऊन मी निघाले, एवढं ध्यानात ठेवा.

वल्लभनगरच्या स्टँडवरून सकाळची एस.टी. धरली. सासूबाईंना तिकीट नाही, कारण पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला आहे. आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. "म्हणजे मी फुकट, तू निम्म्यात, पूर्ण पैसे काय ते त्याचे एकट्याचे," असं म्हणून सासूबाई मनापासून हसल्या. हे मात्र हसले नाहीत. साताऱ्याच्या पुढे उंब्रजला गाडी वळते आणि पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरते. कोयनानगर आलं तशा सासूबाई सावरून बसल्या. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला, तेव्हा त्या वीस वर्षांच्या, माहेरीच होत्या. फळीवरची पितळेची भांडी खणखणत खाली आली आणि आजी ओरडली, "चोर! चोर!" ही गोष्ट त्या दर वेळी सांगतात. दर वेळी आजी थोडी जास्तच मोठ्याने ओरडते.

घाट उतरताना हवा कशी पालटते ते खिडकीत बसूनच अनुभवावं. देशावरचा कोरडा, तोंड भाजणारा वारा मागे राहतो आणि अंगाला चिकटणारी, पण डोळ्यांना गार वाटणारी हवा सुरू होते. खाली चिपळूणला वाशिष्ठी भर मे महिन्यात वाहती दिसली. मी मुलांना भूगोलाच्या बाईंच्या थाटात सांगितलं की हे सह्याद्रीपलीकडचं कोयनेचं पाणी. पोफळीला वीज तयार झाली की ते इकडे वाशिष्ठीत सोडतात आणि पुढे ते समुद्राला मिळतं. वर्षाला सुमारे ६७ टी.एम.सी.! मुलगा म्हणाला, "आणि आपल्या पवनेचं?" आपल्या पवनेचं मुळेत, मुळा-मुठेचं भीमेत, भीमेचं कृष्णेत आणि कृष्णेचं पार बंगालच्या उपसागरात. समुद्र इतका जवळ असून आपलं पाणी सगळा देश ओलांडून जातं. हे मी कितीतरी वर्षं वर्गात शिकवते आहे, पण एस.टी.त बसून सांगताना मलाच नवल वाटलं.

हातखंब्याला गाडी आत वळली तेव्हा सासूबाई बोलायच्या थांबल्या होत्या.

घर मांडवीच्या अलीकडे, समुद्रापासून जेमतेम दोन गल्ल्या. जांभ्या चिऱ्यांचं जोतं, ओटी, पडवी, माजघर, मागे आगर. त्यात माड, पोफळी, दोन कलमं, एक रायवळ आंबा आणि विहीर. घरात आमच्या मामेसासूबाई, त्यांना आम्ही मामी म्हणतो, त्यांचा मुलगा नि सून, म्हणजे माझ्या वहिनी, आणि त्यांची कॉलेजातली लेक. मामींचे गुडघे गेलेले. त्या भिंतीला धरून दारापर्यंत आल्या, "वन्सं, आलात!" एवढंच म्हणाल्या, आणि मग दोघी म्हाताऱ्या कितीतरी वेळ एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या. वहिनींनी आमच्यापुढे कोकम सरबताचे पेले ठेवले, पाय धुवायला पाण्याची कळशी ठेवली. मुलांनी ती पायांवर भडाभडा ओतून घेतली. मी काही बोलले नाही. हे मला पुढे फार लागलं.

पहिले दोन दिवस आम्ही भटकलो. तुम्ही कधी उन्हाळ्यात गेलात तर एक गोष्ट ऐका: रत्नागिरीचा पारा पुण्यापेक्षा कमीच असतो, तेहतीस-चौतीस, पण दमटपणामुळे घाम वाळतच नाही. तेव्हा सिंथेटिक साड्या घरी ठेवा, सुती न्या. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर फिरा. मधला वेळ ओटीवर पडून राहायचा. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, रात्री जमिनीवरून मतलई. शाळेत पाठ केलेलं ते ओटीवर लोळताना कळतं.

सकाळच्या पहिल्या फेरीला आम्ही थिबा राजाचा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि आधी मद्रासला, मग १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. दोन माडांच्या मध्ये कुठेतरी, मायदेशापासून समुद्र ओलांडून दूर. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं. तोवर भाड्याच्या बंगल्यांतच बिऱ्हाड. आणि नव्या वाड्यात सहा वर्षं राहून १९१६ साली राजा गेला तो इथेच. उतरत्या छपराचा, लाकडी कोरीव खिडक्यांचा तो वाडा, समोर खाली भाट्याची खाडी. मला राजापेक्षा राणी सुपयालतचाच विचार येत राहिला. परक्या मुलखात, परक्या भाषेत तिने मुलींना वाढवलं. राजा गेल्यावर १९१९ मध्ये ती परत गेली. तिच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू मात्र रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलली, इथल्याच माणसाशी तिने संसार केला आणि २००० साली इथेच वारली. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही बघायचो ना तिला बाजारात!" राजाची नात बाजारात. वाड्यातलं संग्रहालयही बघण्याजोगं आहे, पण खरं सांगू, त्या वाक्यानंतर माझं तिकडे लक्ष लागलं नाही.

रत्नदुर्गावर सासूबाईंनाही नेलं. तीन बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ, पलीकडे दीपगृह. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर पाहिलं. २३ जुलै १८५६चा तो जन्म. मुलांना सगळ्यात आवडला तो झाडगावच्या मत्स्य संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर भेळ. मांडवीची वाळू काळी आणि मिऱ्याच्या बाजूची पांढरी, म्हणून एक काळा समुद्र नि एक पांढरा समुद्र. एकाच गावचे दोन! पाण्यात मात्र गुडघ्यापलीकडे उतरू नका. हा किनारा दिसतो तसा भोळा नाही.

तिसऱ्या दिवशी मला वाटलं, रोज आयतं जेवतो, आज आपण स्वयंपाक करावा. वहिनी कुठेशा बाहेर गेल्या होत्या. मागच्या दारी दगडी डोण भरलेली होती. तिच्यातलं पाणी घेऊन मी तुरीचं वरण लावलं. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. उघडून पाहते तो डाळ जशीच्या तशी! आणखी तीन शिट्ट्या. तरी दाणा बोटचेपा होईना. मला वाटलं, गॅस मंद असेल, डाळ जुनी असेल. इतक्यात वहिनी आल्या. त्यांनी कुकरात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठलं घातलंस?"

वैशाखात विहिरीचं गोडं पाणी खाली जातं आणि समुद्र जवळ असल्यामुळे ती मचूळ होते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटल्यासारखा लागतो, साबणाला फेस येत नाही. प्यायला नि स्वयंपाकाला नळाचं पाणी. ते येतं पहाटे, थोडाच वेळ, आणि या दिवसांत तेही कमी दाबाने. स्वयंपाकघरातली दोन तांब्याची पिंपं त्याचीच होती. वहिनींनी डाळ दुसऱ्या पाण्यात घातली, म्हणजे पिंपातला एक तांब्या आणखी गेला. त्या मला एक अक्षरही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी समुद्रावरून आल्यावर वाळू धुवायला मागचा नळ सोडला आणि तो तसाच चालू ठेवून मांजराच्या पिल्लांमागे गेला. गच्चीवरची टाकी रिकामी झाली. वहिनी पंप लावायला गेल्या तर विहिरीतून गढूळ पाणी आणि हवा. पंप बंद केला. म्हणाल्या, "आता सकाळपर्यंत थांबायचं. झरे भरू देत."

मी मुलाला रागावले, पण मनातून रागावले होते ती स्वतःवर. आमच्याकडे रावेतला जानेवारीत पाहुणे आले होते, तेव्हा आंघोळीला दोन-दोन बादल्या घेतात म्हणून मी ह्यांच्याजवळ चार दिवस कुरकुरत होते. आणि इथे? पाच माणसांची आंघोळ, कपडे, भांडी. त्यातून समुद्रावरून आलं की पुन्हा आंघोळ. कोकणात पाऊस मुबलक, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. आपल्या पुण्याच्या चौपटीहून जास्त! हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार तीव्र, आणि जांभा दगड चाळणीसारखा, पाणी धरून ठेवत नाही. ते धो धो येतं आणि तसंच समुद्राला जाऊन मिळतं, हेही त्याच पुस्तकात पुढच्या ओळीत असतं. ती ओळ मी प्रश्नोत्तरापुरतीच शिकवली.

रात्री मी ह्यांना हळूच म्हटलं, "उद्यापासून आपण लॉजवर राहू या का? इथे नुसतं भेटायला येऊ." ह्यांनी मान हलवली. पण अंथरुणावरून सासूबाईंचा आवाज आला. त्या जाग्या होत्या. "माहेरी येऊन लॉजात? माझ्या वडिलांच्या घरी पाणी नाही म्हणून?" त्यांचा आवाज असा लागला की आम्ही दोघं गप्प. पुढे खूप वेळ त्या कुशीवर वळत होत्या.

पहाटे चारला मला जाग आली ती कळशीच्या आवाजाने. मागच्या दारी वहिनी नळाखाली भांडी लावत होत्या. मी उठले, न बोलता एक कळशी उचलली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या बोलायला लागल्या. दर मे महिन्यात मुंबईचे दीर-जावा, नणंदा, त्यांची मुलं मिळून बारा-पंधरा माणसं येऊन जातात. कोणी आंब्यांना, कोणी समुद्राला. "येऊ नका असं कसं म्हणू? त्यांचंही घरच आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझं माहेर कोल्हापूरकडे. शाळेला सुट्टी तेव्हा इकडे पाहुणे, आणि एरवी सासूबाईंना सोडून निघता येत नाही. अकरा वर्षं झाली, चार दिवस सलग राहिले नाही. आईला बघायला म्हणून जाते ती सकाळच्या गाडीने, आणि रात्रीच्या गाडीने परत."

हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत हो. पिंपाला फडकं बांधता बांधता बोलल्या.

मागे दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. काठी टेकत त्या विहिरीपाशी गेल्या आणि वाकून पाहू लागल्या. उजाडलं होतं. आत चिऱ्यांच्या पायऱ्या पार खालपर्यंत उघड्या पडल्या होत्या आणि तळाशी परातीएवढं पाणी. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी वैशाखात ती खालची कपार दिसायची नाही. रहाटाने काढायचो, पंप नव्हता. आणि समोरच्या घरांच्या जागी सगळी आगरं होती." मग माझ्याकडे वळून, "आज कपडे धुवायचे नाहीत. मळके तसेच गुंडाळून घरी न्यायचे. आंघोळ एकेक बादली, आणि ती माडाच्या आळ्यात बसून. माडाला तेवढंच पाणी." मुलांना ती आंघोळ इतकी आवडली की दोघांत नंबरावरून भांडणं.

आणि मग नाश्त्याच्या वेळी, सगळ्यांदेखत, मामींना त्या म्हणाल्या, "वहिनी, डिसेंबरात मी एकटी येते. पंधरा दिवस तुमच्याजवळ राहते. मला गाडीभाडं पडत नाही. सूनबाईने तेवढे दिवस माहेरी जाऊन यावं." मामी म्हणाल्या, "आणि दोघी म्हाताऱ्यांना भाकरी कोण घालणार?" "का? तुम्ही बसल्या बसल्या थापा, मी उभी राहून भाजते." वहिनी हसल्या, "बघू," म्हणाल्या आणि पोह्यांवर खोबरं घालायला आत गेल्या. जरा जास्तच वेळ लागला त्यांना खोबरं आणायला.

पुढचे दोन दिवस आम्ही फारसे कुठे गेलोच नाही. मामींनी मला आमसुलं करायला शिकवली. रातांबे फोडून बिया नि गर वेगळा काढायचा, गरात मीठ घालून त्याचा रस सुटू द्यायचा, आणि सालं त्या रसात बुडवून उन्हात वाळवायची. संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. असं सहा-सात वेळा, म्हणजे ती काळीभोर, लवचीक होतात. घाईने दोन पुटांवर थांबलं तर पावसाळ्यात बुरशी धरतात. कोकणातलं मीठसुद्धा दमटपणाने पाझरतं, म्हणून मामी बरणीच्या तळाशी चार तांदूळ टाकून ठेवतात. मी घरी आल्यावर तेच केलं.

आंब्यांविषयी विचाराल म्हणून सांगते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात दुसरीकडचा आंबा त्याच नावाने खपतोच. पेटी घेताना वरची रांग बघून भुलू नका, खालचा एक काढून बघा. खऱ्या हापूसची साल पातळ, देठाशी वास भरून येतो, कापल्यावर आत केशरी. तयार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका. पेंढ्यात आढी लावा, रोज एकदा हात फिरवून बघा, आणि खायच्या आधी अर्धा तास पाण्यात ठेवा. (ते पाणी मग झाडांना. ही सवय आता लागली आहे.)

सासूबाईंचा आंबा राहिला सांगायचा. निघायच्या आदल्या दिवशी पहाटे मतलई वारा होता. आगरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्या उठल्या, मला उठवलं नाही. मी पाहिलं तर रायवळाखाली चिऱ्यावर बसून, पदर मांडीवर पसरून, त्या आंबा चोखत होत्या. कोपरापर्यंत ओघळ. हापूस नव्हे, रायवळ, आंबटगोड, दोऱ्यांचा. मी हात धुवायला तांब्या घेऊन गेले तर म्हणाल्या, "राहू दे ग. पदराला पुसते."

निघताना वहिनींनी चार डझनांची पेटी, आमसुलं आणि कुळथाचं पीठ दिलं. मी त्यांना साडी दिली. मला ते देणं तोकडं वाटलं, पण दुसरं काय देणार? गाडीत सासूबाई घाट चढेपर्यंत काही बोलल्या नाहीत. कोयनानगरला मुलाने स्वतःहून भूकंपाची गोष्ट काढली, तेव्हा कुठे आजी ओरडली.

रावेतला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि तो नेमका पाण्याचा दिवस नव्हता. शेजारणीने मात्र आठवणीने दोन बादल्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. एकीत पाचही जणांनी हात-पाय धुतले. दुसरी झाकून ठेवली. कपड्यांचं गाठोडं बाल्कनीत, आंबे पेंढ्यासकट दिवाणाखाली. सासूबाई कॅलेंडरशी जाऊन उभ्या राहिल्या आणि डिसेंबरचं पान उलटून मला म्हणाल्या, "चष्मा दे बघू माझा."